लाथ सगळ्यांनी पाहिली, जेवणाचं टेबल कुणी पाहिलं?

हरिपूर रोड (धागा काढणारा)

शनिवारी विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये आम्ही काही जणांनी वर्गणी काढून कॉलेजच्या पोरापोरींना 'अमेरिकन हिस्टरी एक्स' हा अमेरिकन सिनेमा दाखवला. सगळी अठराच्या पुढची. त्यावर काल गावभागकर काकांनी लिहिलं, त्यातला मुख्य भाग असा:

"अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या भांडणाशी सांगलीच्या पोरांचा काय संबंध? आपल्याकडे वंशवाद नाही. उलट छातीवर नाझी चिन्ह गोंदलेला तो पिळदार नायक बघून पोरं बिघडतील. माणसाला फुटपाथच्या कडेवर दात टेकवायला लावून वरून लाथ घालतो, हे दाखवून काय साधलं?"

रात्रभर डोक्यात हेच फिरत होतं. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

काका, तुम्ही लाथेचं लिहिलंत. सगळे तेच लिहितात. पण ती लाथ जिथून निघाली तो प्रसंग शेवटाकडं येतो आणि त्यात कुणी कुणाला बोटसुद्धा लावत नाही. नायक डेरेक अजून शाळकरी पोरगा आहे, डोक्यावर केस आहेत, अंगावर गोंदण नाही. शाळेतल्या काळ्या सरांचं, डॉ. स्वीनींचं, कौतुक करतोय. बाप अग्निशमन दलातला. जेवता जेवता शांतपणे म्हणतो की ही काळ्या लेखकांची पुस्तकं आता सगळीकडं घुसवतायत, माझ्या तुकडीत दोन काळे आलेत आणि परीक्षेत त्यांच्यापेक्षा जास्त गुण असलेले गोरे घरी बसलेत. आवाज चढत नाही. पोरगं आधी थोडं अडखळतं, मग बापाच्या होला हो करतं. पुढं बाप आग विझवायला गेलेला असताना गोळी लागून मरतो आणि पोराच्या दुःखाला आधीच खणून ठेवलेली चारी सापडते.

हा प्रसंग मी आमच्या घरात पाहिलाय.

१९९८ चा जुलै. हा सिनेमाही त्याच वर्षीचा. दहावी झाली होती, डिप्लोमाची यादी भिंतीवर डकवलेली. बाबा एका अडत दुकानात दिवाणजी होते, दुपारची सुट्टी काढून आले होते. त्यांचं बोट कागदावरून खाली खाली सरकत गेलं. हळदीच्या सौद्यात आयुष्य गेलेला माणूस, नखं कायमची पिवळी. कागदावर पुसट पिवळी रेघ उमटली, ती अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. माझं नाव नव्हतं. पाच वर्षं माझ्या शेजारी एका बाकावर बसलेल्या मित्राचं होतं. त्याला माझ्यापेक्षा चार टक्के कमी होते.

रात्री बाबांनी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि म्हणाले, "आता सगळं त्यांचंच. आपल्या पोरांनी पोती उचलायची." एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. बाबांनी जन्मात कुणावर हात उगारलेला नाही, आमच्यावरसुद्धा. आई आमटी वाढत राहिली. धाकटा भाऊ तेरा वर्षांचा, समोर बसून ऐकत होता.

त्या मित्राशी मी दोन वर्षं बोललो नाही. तो सायकल घेऊन कोपऱ्यावर थांबायचा, मी दुसऱ्या बोळानं जायचो. आणि २००४ साली भावानं एका मिरवणुकीत हॉकी स्टिकनं एका पोराचा जबडा मोडला. दोन रात्री कोठडीत होता. डबा घेऊन गेलो तर गजांआडून मला म्हणतो, "सगळं त्यांचंच चाललंय, कुणीतरी दाखवून द्यायला नको?" सहा वर्षांपूर्वी ताटावर ऐकलेले शब्द, जसेच्या तसे.

म्हणून 'आपला काय संबंध' हे मला सहन होत नाही.

गावभागकर

धागाच माझ्यावर काढलाय म्हटल्यावर बोलणं भाग आहे. एकतीस वर्षं शाळेत घालवलीत, पोरं काय उचलतात हे मला पुस्तकातून शिकायला लागत नाही.

मी लाथेनंतर उठलो, हे खरं. पण भाचीला घरी न्यायचं होतं म्हणून बाहेर थांबलो होतो. सिनेमा सुटल्यावर पार्किंगमध्ये काय चाललं होतं सांगू? एक पोरगं शर्ट काढून, हात डोक्यामागं घेऊन गुडघ्यावर बसलं. पोलीस पकडतात तेव्हा तो डेरेक बसतो ना, अगदी तसं. वर भुवया उडवल्या. दुसऱ्यानं फोटो काढला. चार जण हसले. या डोळ्यांनी पाहिलंय. त्या पोरांनी तुमचं जेवणाचं टेबल उचललं का? त्यांनी ते दंड उचलले.

आणि वडिलांविषयी. चार टक्के जास्त असून पोराला जागा मिळाली नाही, तर बापानं घरात, स्वतःच्या ताटावर, दोन शब्दही बोलायचे नाहीत? त्या माणसाच्या पोटात काय तुटलं असेल? तुम्ही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, तेही चारचौघांत. मला हे आवडलं नाही.

रीळवेडा

दोघांनाही थोडं थोडं पटवून घेता येईल, पण काकांच्या तक्रारीत दम आहे, तो लोक झटकून टाकतात.

यात भूतकाळ कृष्णधवल आहे, वर्तमान रंगीत. दिग्दर्शक टोनी केनं कॅमेराही स्वतःच हाताळला. जाहिरातींतून आलेला माणूस, त्यामुळं प्रत्येक चौकट देखणी. अटकेचा प्रसंग संथ गतीत, मागं समूहगान. डेरेकचं काम करणाऱ्या एडवर्ड नॉर्टनचं शरीर त्यात पुतळ्यासारखं दिसतं. द्वेष करणारा आतून कसा स्वतःला देवासारखा बघतो, हे दाखवायचं असेल तर ती निवड बरोबर आहे. पण पडदा पोरांना अर्थ समजावून देत नाही, तो फक्त दाखवतो. बास्केटबॉलच्या सामन्यात तर मीसुद्धा डेरेकची बाजू जिंकावी म्हणून पुढं सरकून बसलो होतो, आणि त्याची मला अजून शरम वाटते.

दिग्दर्शक टोनी के याला स्वतःलाच शेवटचं संकलन मान्य नव्हतं. नाव काढा म्हणाला, त्या जागी 'हम्प्टी डम्प्टी' लावा म्हणाला, दिग्दर्शकांच्या संघटनेनं परवानगी नाकारली, मग कोर्टात गेला. नॉर्टनला ऑस्करचं नामांकन मिळालं. लोकांच्या लक्षात नॉर्टन राहिला, आणि नॉर्टनचं काय राहिलं तर दंड. काका म्हणतात तेच.

खणभागातून

बराच वेळ वाचत बसलो होतो. आता लिहितो.

मी हरिपूर रोड यांचा तो मित्र नाही, पण असू शकलो असतो. १९९६ ला डिप्लोमाला लागलो. पहिल्या दिवशी वर्गात नाव विचारायच्या आधी टक्के विचारले. टक्के सांगितले की नाव सांगावं लागायचं नाही, त्यांना कळायचं. वर्कशॉपमध्ये लेथवर माझ्यासोबत जोडीला कुणी उभं राहायचं नाही. एका पोरानं तर सरांकडं जाऊन जोडी बदलून घेतली. फाईलला हात लावायला दिला नाही, आणि तोच परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या खोलीवर येऊन माझी ड्रॉइंगची शीट उतरवून घेऊन गेला.

सिनेमा मी तीनदा पाहिलाय. डेरेकनं ज्या दोन माणसांना मारलं त्यांची आई तुम्हाला दिसली का? घर दिसलं? डेरेकची आई दिसते, बहीण दिसते, खोकला दिसतो, गादी दिसते. स्वीनी सर आहेत ते डेरेकला वाचवायला. तुरुंगात चादरींच्या घड्या घालणारा काळा कैदी लॅमाँट आहे तो डेरेकला हसवायला आणि त्याचा जीव राखायला. आणि शेवटी शाळेच्या मुतारीत डेरेकच्या धाकट्या भावाला, डॅनीला गोळी घालतो तो कोण? काळा पोरगा. म्हणजे हिशेब बरोबरीत.

काळ्यांवरच्या अन्यायाचा सिनेमा म्हणून दाखवताय, पण आत सगळं दुःख गोऱ्या घराचं आहे.

आणि हरिपूर रोड, तुमची पोस्टही तशीच आहे. तुमचे बाबा आहेत, भाऊ आहे, कोठडीतला डबा आहे. ज्याचा जबडा मोडला त्या पोराचं पुढं काय झालं?

हरिपूर रोड

माझ्या घरातलं मी स्वतःच्या हातानं उघड्यावर मांडलं. भावाला कळलं तर तो माझ्याशी बोलणं सोडेल, हे माहीत असून मांडलं. आणि तुम्ही त्यातूनच दगड उचलून मला मारताय. मी तुमच्या बाजूनं बोलत होतो.

खणभागातून

माझ्या बाजूनं बोला असं मी सांगितलं नव्हतं. प्रश्न विचारलाय. उत्तर आलं नाही.

हरिपूर रोड

नाही माहीत. तडजोड झाली होती, बाबांनी पैसे भरले होते. पुढचं मला माहीत नाही. झालं समाधान?

मिरज पूर्व

भांडण थांबवा म्हणणार नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. पण 'आपल्याकडे असं नाही' हे गावभागकर सरांचं वाक्य अजून तसंच पडून आहे, कुणी उचललंच नाही.

सर, २००९ चा गणेशोत्सव आठवतो? मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून पेटलं आणि आपल्याकडंही संचारबंदी लागली. मी तेव्हा बारावीत. अम्मीला इन्शुलिन लागायचं. दुसऱ्या दिवशी शेवटची कुपी संपली. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या काकू मागच्या परसातून, धुण्याच्या दगडावर पाय देऊन, कुपी घेऊन आल्या. त्यांच्या घरात कुणालातरी लागायचं, त्यांनी त्यातलं दिलं. आणि त्याच काकूंचा मुलगा त्याच संध्याकाळी रस्त्यावर काय ओरडत होता ते आम्ही खिडकी लावून ऐकत होतो. एकाच घरातली दोन माणसं. डेरेकच्या घरात आई आणि मुलगा असे समोरासमोर येतात, तेव्हा मी हॉलमधून उठून पाणी प्यायला गेले.

आजही सांगलीत भाड्यानं घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. मग 'मालक बाहेरगावी आहेत' असं सांगतात. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कोर्ट रोड

मी वकिली करतो, त्यामुळं माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. दोन माणसं मारून डेरेक तीन वर्षांत बाहेर येतो. लॅमाँटनं दुकानातून टीव्ही चोरला, पोलिसानं धरल्यावर तो टीव्ही त्या पोलिसाच्या पायावर पडला, आणि त्याला सहा वर्षं. लॅमाँट हे हसत सांगतो आणि डेरेकला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं की आपण ज्या देशात अन्याय होतोय म्हणून बोंबलत होतो तो देश कुणावर अन्याय करतोय. अख्ख्या सिनेमात मला एवढंच पुरेसं आहे. आपल्याकडं तुरुंगात चारातले तीन कच्चे कैदी आहेत, खटला निकाली निघायचाय. जामीन झालाय पण जामीनदार नाही म्हणून आत बसलेले मी दर आठवड्याला बघतो. कोण असतात ते, नावं वाचा.

पण तुरुंगानं माणूस सुधारतो हे सिनेमातलं मला पटत नाही.

माणदेशी

वकीलसाहेब, इथं मात्र थांबा. आमच्या आटपाडीला येऊन बघा आणि मग बोला.

स्वतंत्रपूर. १९३९ साली औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपल्या संस्थानातल्या खुनाच्या कैद्यांना भिंत नसलेल्या माळावर बायकापोरांसकट नेऊन ठेवलं. बेड्या नाहीत. विहीर, जमीन, बैल. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची. त्याच गोष्टीवर आमच्याच माडगुळ्याच्या गदिमांनी पटकथा लिहिली आणि १९५७ ला शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनला त्याला मानाचं पारितोषिक मिळालं. सांगलीतली निम्मी माणसं 'ऐ मालिक तेरे बंदे हम' म्हणतात आणि ती गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे हे त्यांना माहीत नसतं. याचा मला लय राग येतो.

आमच्या आजोबांचं रान तिथून जवळच. मी सहा-सात वर्षांचा असेन. बाजरीची काढणी चाललेली, माणसं कमी पडली म्हणून वसाहतीतला एक जण मदतीला आला. बांधावरच्या भांडणात कोयत्यानं सख्ख्या चुलत्याला मारलेला माणूस, सगळ्या गावाला ठाऊक. आजोबांनी त्याला विळा दिला. कसा दिला ते सांगतो. पातं स्वतःच्या मुठीत धरून, लाकडी मूठ त्याच्याकडं करून. शेजारी मी उभा. त्या माणसानं विळा घेतला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग वाकला आणि कापायला लागला. दिवस मावळेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. त्याची लेक माझ्याच वर्गात होती. तिला कुणी चिडवलं नाही असं म्हणणार नाही, चिडवायचे. पण ती पुढं शिकली.

माणूस बदलतो. त्याच्या हातात विळा द्यायची छाती दुसऱ्या कुणाची तरी असावी लागते.

औंधचा यमाई भक्त

माणदेशी साहेब, 'आपल्या जिल्ह्यातली गोष्ट' म्हणताना जरा जपून. राजा औंधचा, औंध खटाव तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. तुम्ही सगळं श्रेय आटपाडीला लावून मोकळे झालात. आणि फ्रिडमनची कल्पना म्हणून सोडून देऊ नका. ज्या राजानं १९३९ ला स्वतःची सत्ता लोकांच्या हाती सोपवली, गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना केली, त्याच्या मनात आधी विश्वास होता म्हणून फ्रिडमनला जागा मिळाली. दुसऱ्या संस्थानात त्याला कुणी गेटच्या आत घेतलं नसतं.

माणदेशी

माती आटपाडीची, घाम आटपाडीचा. राजा औंधचा हे कोण नाकारतंय? आणि जिल्ह्याचंच काढताय तर तुमच्या जिल्ह्याचं म्हणजे कुणाचं? सिनेमा आला तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० ला पडलं. तेव्हा दोघांचंही आहे, घ्या.

औंधचा यमाई भक्त

दोघांचं आहे म्हणालात, बास. एवढंच हवं होतं. मी आणखी एक सांगतो, आमच्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतात की राजा स्वतः सूर्यनमस्कार घालायचा आणि सगळ्या संस्थानाला घालायला लावायचा. शिस्त अंगात मुरलेली, म्हणून भिंत लागली नाही.

कोर्ट रोड

सूर्यनमस्कारांनी खुनी सुधारत नाहीत, क्षमा करा. मी भावनेवर जात नाही. खुल्या कारागृहात कुणाला पाठवतात? आधी बंद तुरुंगात चांगली वर्तणूक दाखवलेल्यांना निवडून. म्हणजे जो आधीच सुधारायच्या वाटेवर आहे त्यालाच. उरलेल्यांचं काय? माझा एक अशील केबल चोरीत गेला, जामीनदार नाही म्हणून चौदा महिने आत. जाताना भित्रं पोरगं. येताना दंडावर टोळीचं नाव. डेरेक गोंदण घेऊन आत गेला, हे पोरगं घेऊन बाहेर आलं.

आणि डेरेक भिंतीमुळं बदलला नाही, भिंत नसल्यामुळंही नाही. आपलेच गोरे भाऊबंद आतमध्ये नशेचा धंदा करतात हे त्यानं पाहिलं, त्यांना नडला, त्यांनीच त्याच्यावर अत्याचार केला, आणि नंतर त्याला मारायला येणाऱ्यांना लॅमाँटनं परस्पर थोपवलं. एका माणसानं बदलला.

तुमच्या आजोबांचा विळा मी मान्य करतो. तोही एका माणसानंच दिला होता. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागं घेतो, त्यापलीकडं नाही.

खणभागातून

आणि लॅमाँटला बदलायला, सोडवायला, विळा द्यायला कोण आलं?

कोर्ट रोड

कुणी नाही. सिनेमात तो आतच राहतो. बरोबर आहे तुमचं.

सातारची लेक

'वंशवाद आपला नाही' या वाक्याकडं परत येते, कारण माणदेशाच्या विहिरीत सगळा धागा उतरला.

गावभागकर सर, महात्मा फुल्यांचं मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी, कॉलेजात सिनेमे नसताना, पुण्यात बसलेल्या माणसाला तो संबंध दिसला.

दुसरं. भीमराव आंबेडकर साताऱ्याला शाळेत होते. नऊ वर्षांचे असताना घरातल्या पोरांबरोबर वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनात उतरले. नवे कपडे, जरीच्या टोप्या. स्टेशन मास्तर आधी प्रेमानं बोलला. जात कळल्यावर त्याचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्याला तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची, तो शेजारून चालत येणार. रात्रभर त्या पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही, डबा उघडूनही जेवता आलं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मी दर महिन्याला कराडला जाताना मसूरवरून जाते. गाडी थांबली की मी प्लॅटफॉर्मवरच्या नळाकडं बघते.

गावभागकर

फुले आणि बाबासाहेब मी वर्गात शिकवलेत, ताई. पण जात म्हणजे वंश नव्हे. बाबासाहेबांनीच जातीचा वंशाशी संबंध नाही असं मांडलंय. २००१ ला दरबानच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत हाच वाद झाला आणि आपल्या सरकारनं जात त्यात घ्यायला विरोध केला. मी तेच म्हणत होतो. शब्द नीट वापरावेत.

सातारची लेक

बाबासाहेबांनी वंशाचा सिद्धांत खोडला तो जातीचं समर्थन करणाऱ्यांना उत्तर म्हणून. आणि त्यांनीच १९४६ ला अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, की अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्यांची स्थिती इतकी सारखी आहे की अभ्यास केलाच पाहिजे. शब्द वेगळे, सर. तहान तीच.

बाक क्रमांक तीन

सर, पार्किंगमधला मीच.

आत्तापर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मी जिमला जातो. सिनेमा बघताना मलाही पहिला तास तो भारीच वाटला. फोटो स्टेटसला टाकला, एकशे दहा जणांनी बघितला. रात्री वर्गातल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, फक्त एवढाच: "तू मला पण असंच बघतोस का?" ती कोण, कुठली, ते लिहीत नाही. मी फोटो काढून टाकला. तिला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण काय द्यायचं ते कळत नाही. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला तेव्हा मी मोबाईल बघत होतो. काल रात्री तेवढाच भाग परत लावून बघितला. माझे पप्पा तसंच बोलतात. त्याच आवाजात.

गावभागकर

बाळा, तू लिहिलंस हे बरं केलंस. तुझं नाव मला ठाऊक आहे, मी ते कुणाला सांगणार नाही.

बाकी सर्वांना: माझं मत तसंच आहे. तो सिनेमा सुरुवातीपासून सलग लावून पोरांना अंधारात सोडून देऊ नका. दाखवायचाच असेल तर जेवणाच्या टेबलापाशी दिवे लावा आणि तिथं तासभर बसा. तेवढं कराल तर मी येईन. आणि त्या वेळी शेवटपर्यंत बसेन.

हरिपूर रोड, तुमच्या वडिलांची बाजू मी घेतली ती मागं घेत नाही. पण मी एकतीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत यादी लागली की काय काय बोललोय, ते कालपासून आठवतंय.

हरिपूर रोड

पुढचा शनिवार ठरलाय. दिवे लावू.

खणभागातून, तुमच्यावर उखडलो, ते चुकलं. तुमचा प्रश्न घेऊन काल रात्री बाबांकडं गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आधी विचारलं, यादी लागली त्या रात्री तुम्ही काय म्हणाला होता, आठवतं का. बराच वेळ विचार करून म्हणाले, "मी? असं म्हणालो होतो?" खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नाही.

मग जबड्याचं विचारलं. ते मात्र लगेच सांगितलं. अकरा हजार, दोन हप्त्यांत. शिवाय मिरजेतल्या दवाखान्याचं बिल वेगळं. कपाटातून जुनी वही काढली, पिवळ्या नखानं पान उलटलं. पोराचं नाव आहे, बापाचं नाव आहे, पत्ता आहे, दुसऱ्या हप्त्याची तारीख आहे. वीस वर्षं मी त्या कपाटासमोर झोपतोय.

पत्ता उतरवून घेतलाय. रविवारी जाणार आहे. भाऊ येतो म्हणालेला नाही.